पायऱ्यांखालचा गाळ

उत्खननांवर माझी सव्वीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांत मी स्वतः एकही वस्तू शोधलेली नाही. ठाकुर्लीतल्या आमच्या सोसायटीत हे कुणाला पटत नाही. गणपतीत, मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "पाटीलसाहेब, खरं सांगा, सोनं कधी सापडलं का?" मी म्हणतो, "अहो, मी फक्त माती काढायचो." "हो, पण मातीतून काय काढलंत?" मग सांगावं लागतं की काढायचो म्हणजे चित्र काढायचो. मातीचं.

मी ड्राफ्ट्समन. खणताना खड्ड्याची एक भिंत ओळंब्यात सरळ तासून ठेवतात. जुन्या चाळीतल्या भिंतीचा पोपडा निघाला की आतले रंग दिसतात ना, वर गुलाबी, त्याखाली पिस्ता, त्याखाली नुसता चुना, तसं त्या मातीच्या भिंतीत दिसतं. राखेचा पट्टा, पुराच्या गाळाचा पट्टा, पडलेल्या छपराचा पट्टा. मी दोरी ताणायची, उंची-खोली मोजायची दुर्बीण, म्हणजे डम्पी लेव्हल, लावायची, फुटपट्टी न् टेप घेऊन एकेक पट्टा ग्राफच्या कागदावर उतरवायचा. दोन थर कुठे वेगळे होतात तिथे रेघ. खात्री असेल तर सलग रेघ, शंका असेल तर तुटक. धंद्याचं सगळं व्याकरण एवढंच.

पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मी चित्र काढून उठलो की बहुतेक वेळा ती भिंतही खणून टाकतात, कारण खाली जायचं असतं. थर गेले ते गेले. उरतो तो माझा कागद.

एकदा कल्याणला एका इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात जुनी विहीर लागली. भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेली. आमच्या साहेबांना, म्हणजे उत्खननाच्या प्रमुखांना, कुणीतरी कळवलं, साहेबांनी मला पाठवलं. सुपरवायझर भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, काँक्रीटची गाडी निघालीय. ती येईपर्यंत खड्डा तुमचा." गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणून मला दीड तास मिळाला. कल्याणच्या ट्रॅफिकचे आभार मानणारा मी बहुधा एकटाच. अकरा कडी काढून झाली, खाली अजून किती होती देव जाणे. आज त्यावर चौदा मजले उभे आहेत. त्या कागदाखाली मी लिहिलं होतं, 'पुढे पाहता आले नाही.'

हे मातीचं वेड माझ्यात आलं कुठून, तर बाळकुमच्या मिठागरातून. आमचे आबा, म्हणजे वडील, मिठागरात राबायचे. खाडीचं पाणी भरतीला आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, गाळ बसू द्यायचा, मग निवळलेलं पाणी वाफ्यांत सोडायचं. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो. बांध फुटला की आबा तुटलेल्या कडेपाशी बसून गाळाकडे बघायचे आणि सांगायचे, "यी उधानाची भरती, यी साधी. यो पावसाचा." मला तेव्हा वाटायचं, आबा गंमत करतात. पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, उत्खननाच्या एका कॅम्पवर तात्पुरता म्हणून चिकटलो, आणि पहिल्याच खड्ड्यात साहेबांच्या आधी माझ्या तोंडून गेलं, "हा पुराचा थर आहे." साहेबांनी वळून बघितलं. तात्पुरता होतो, तो तिथे कायमचा झालो.

आता मुख्य गोष्ट. साहेबांच्या ओळखीने मी मृत समुद्राच्या काठच्या वाळवंटात गेलेलो, एकदा नाही, चार हंगाम. दर वर्षी हिवाळ्यातले दोन महिने. त्या भागात कुमरान नावाची जागा आहे. तिथल्या गुहांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू पोथ्यांच्या गुंडाळ्या मातीच्या रांजणांत सापडल्या, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. शेजारी एका वस्तीचे अवशेष आहेत. पुष्कळ विद्वान म्हणतात की तिथे एसीन नावाचा पंथ राहायचा. जग सोडून आलेली माणसं. सगळ्यांचं सगळं सामाईक, जेवण एकत्र आणि तेही मुकाट, जेवणाआधी थंड पाण्यात स्नान. काही विद्वान म्हणतात, छे, तो साधा वाडा होता, नाहीतर कुंभारांचा कारखाना. हा वाद दोन-तीन पिढ्या चालू आहे आणि पोटापाण्याचा विचार करता तो मिटू नये अशीच आमच्यासारख्यांची इच्छा.

आमची जागा त्याहून दक्षिणेला, लहानशी. पाच खोल्या, एक भट्टी, डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट. नकाशावर तिला धड नाव नाही. तिथे मिरियमबाई बारा वर्षं खणत होत्या. प्रोफेसर, साठीच्या पुढच्या, बारीक, उन्हाने खजुरासारख्या सुरकुतलेल्या, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. त्यांचं ठाम म्हणणं होतं की ही वस्ती त्या पंथानेच, अगदी पहिल्या दगडापासून, वसवली. ओसाड जागी येऊन माणसांनी केवळ श्रद्धेच्या जोरावर गाव उभं केलं. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की समोरच्याला कुदळ घ्यावीशी वाटायची.

कॅम्पवर पहिल्या सकाळी मी चहाच्या रांगेत उभा होतो. पातेल्यामागून आवाज आला, "आलं घालू काय रे?"

मी मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"तुलाच विचारतोय, पाटील. यादीत नाव वाचलं. कुठला तू?"

"बाळकुमचा."

"बाळकुम! अरे मी ठाण्याचा. चरईतला. शिमशोन म्हणतात मला, तू काका म्हण."

शिमशोनकाका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. विशीत, लग्न होताच, आईवडिलांबरोबर तिकडे इस्रायलला गेले, वाळवंटातल्या एका गावात कारखान्यात आयुष्य काढलं, आणि रिटायर झाल्यावर दर हंगामाला कॅम्पचा स्वयंपाक आणि कोठार सांभाळायला यायचे. त्यांचं मराठी पन्नास वर्षं फडताळात घडी घालून ठेवल्यासारखं होतं. कुणी चिडलं की म्हणायचे, "त्याचं पित्त खवळलंय." मला रोज ठाण्याचं काहीतरी विचारायचे. "मासुंदा तलाव केवढा राहिला? टेंभीनाक्याची देवी अजून तशीच बसते?" बाळकुमला आता चाळीस मजली टॉवर आहेत असं सांगितल्यावर त्यांनी मला सरळ खोटारडा ठरवलं.

तिसऱ्या हंगामात एके दिवशी डोंबिवलीकरांची सहल येऊन थडकली. टूरची बस कुमरान बघून परतत होती, वाटेत आमचे तंबू दिसले म्हणून थांबली. मी खड्ड्यात, डोक्याला पंचा, तोंडात पेन्सिल. वरून दोन बायका डोकावल्या. एक दुसरीला म्हणाली, "बघ गं, बिचारे कसे उन्हात काम करतात. अरब असेल." मी पेन्सिल काढून म्हटलं, "ठाकुर्लीचा आहे हो. पूर्वेचा." बाईंनी अशी किंकाळी मारली की खड्ड्याच्या काठची माती ढासळली आणि मला तेवढा भाग पुन्हा काढावा लागला. मग सगळे जमले. एका आजोबांनी शिक्षकी थाटात विचारलं, "इथे नेमकं काय झालं?" मी म्हटलं, "माणसं राहिली, मग गेली." आजोबांचं समाधान झालं नाही. जाताना लसणीच्या चटणीचं पाकीट मात्र देऊन गेले. काकांनी ते कुलुपात ठेवलं आणि शनिवारी फक्त आम्हा दोघांपुरतं काढायचे.

त्याच हंगामाच्या शेवटी टाकी लागली.

गाळाने भरलेली, चुन्याचा गिलावा केलेली चौकोनी टाकी, आणि तिच्यात उतरणाऱ्या सात रुंद पायऱ्या. पायऱ्यांच्या मधोमध बोटभर उंचीचा कठडा. काकांनी काठावरून बघितलं आणि डोक्यावरची टोपी नीट केली. मला म्हणाले, "मिकवे आहे हे. शुद्धिस्नानाचं कुंड. या बाजूने उतरायचं, त्या बाजूने वर यायचं. वर येणाऱ्याला उतरणाऱ्याचा विटाळ नको म्हणून मधे ही वळ." मिरियमबाई पायऱ्यांशी गुडघ्यावर बसल्या होत्या. बारा वर्षं त्या हेच शोधत होत्या. पंथाची ही सहीच म्हणा ना. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा वाढला.

दुसऱ्या दिवशी मला छेदाचं चित्र काढायला बसवलं. टाकीचा पूर्वेकडचा कडेचा पट्टा पायऱ्यांसकट उभा कापला होता, त्यामुळे पायऱ्यांचं पोट दिसत होतं. पश्चिमेकडच्या पायऱ्या कठड्यासकट तशाच ठेवायच्या, लोकांना बघायला. मी दोरी ताणली, खालून सुरुवात केली आणि हात थांबला.

टाकीच्या तळाचा गिलावा पायऱ्यांच्या खाली आत गेला होता. आणि त्या गिलाव्यावर, सगळ्यात खालच्या पायरीच्या दगडाखाली, वीतभर राखाडी गाळ होता. बारीक बारीक थरांचा. जाड वाळू, वर मऊ माती. पुन्हा जाड, पुन्हा मऊ. पाणी वाहत आलं, थांबलं, निवळलं. दरवर्षी. म्हणजे पायऱ्या बसायच्या आधी ही टाकी कितीतरी वर्षं नुसती टाकी होती. पाणी साठवायची. आणि पंथाची माणसं येण्याआधी इथे दुसरी कुणीतरी माणसं होती.

मी मिरियमबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं. बोटाने गाळाची कड चाचपली. मग म्हणाल्या, "बांधकाम करताना खाली माती टाकतात. भर असेल. नाही का?"

"असू शकेल," मी म्हटलं. भर अशी थरांनी बसत नाही, हे मला माहीत होतं.

"तुझी खात्री आहे, पाटील? पूर्ण खात्री?"

त्यांच्या मागे खणायला आलेली सगळी विद्यार्थी मुलं-मुली उभी होती, रात्रीचा आनंद अजून चेहऱ्यांवर असलेली. मी पगारी ड्राफ्ट्समन. इंग्रजी तोडकंमोडकं. त्या जगातल्या नावाजलेल्या विदुषी. मी म्हटलं, "पूर्ण नाही."

"मग तुटक काढ," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या.

मी तुटक रेघ काढली. ती काढताना माझा हात अगदी स्थिर होता, हे अजून आठवतं. दुपारपर्यंत कामगारांनी तो सगळा छेद काढून टाकला, ठरल्याप्रमाणे, आणि उरलेल्या पायऱ्या ढासळू नयेत म्हणून त्यांची कापलेली बाजू दगड लावून बंद केली. चार दिवसांनी मी विमानात बसलो.

घरी आलो की नेहमी आधी बाळकुमला जायचो. आबा तेव्हा ऐंशीच्या घरात. मिठागर कधीच भरून टाकलेलं. आबा गॅलरीत खुर्ची टाकून पूर्वी तळं होतं त्या बाजूला तोंड करून बसायचे. समोर पार्किंग. दर वेळी ते विचारायचे, "काय काय काढलंस?" आणि मी कागदाची प्रत उलगडून मांडीवर ठेवायचो. त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझी चित्रं त्यांच्याएवढी नीट कुणी वाचली नाहीत.

त्यांनी बोट ठेवलं. "यो खालचा पट्टा गालाचा?"

"हो आबा. गाळाचा."

"पानी बसून झालेला. बग, जाडा खाली, बारीक वर." बोट वर सरकलं. "आन पायऱ्या त्याच्यावर. मंग पायऱ्या मागशी बांधल्या."

"हो."

"तर यी रेघ अशी तुकरं तुकरं का काढलीस?"

"नक्की माहीत नसलं की तशी काढतात."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुना नक्की माहीत नव्हता?"

मी कागदाचा कोपरा सरळ करत राहिलो. आबांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि परत पार्किंगकडे बघत बसले. तेवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. ज्या गोष्टीचा उघड पुरावा जगात फक्त माझ्या कागदावर आहे, तिथे मी शंका लिहून आलो होतो. माझी नसलेली शंका. शेवटी मी सलग रेघेचा नवा कागद काढला, सोबत माझ्या लेकीकडून इंग्रजी तपासून घेतलेलं पत्र लिहिलं: त्या दिवशी मला खात्री होती, बोलायची हिंमत नव्हती, चूक माझी. आणि पाठवून दिलं.

महिनाभर उत्तर नाही. मग एका संध्याकाळी शिमशोनकाकांचा फोन.

"काय रे पाटला, काय लिहिलंस बाईंना? त्यांचा फोन आलेला. विचारत होत्या, हा माणूस विश्वासाचा आहे का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, ठाण्याकडचा आहे, थापा मारतो. चाळीस मजले म्हणतो! पण पेन्सिल हातात असली की नाही मारत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. काकांना वाटलं लाइन तुटली.

पुढच्या हिवाळ्यात बोलावणं आलं, तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. गेल्यावर मिरियमबाई नेहमीसारख्या हसल्या नाहीत. दोन दिवस त्या टाकीच्या काठावर एकट्या बसून होत्या. पश्चिमेकडच्या पायऱ्या शाबूत होत्या. माझं म्हणणं खरं की खोटं हे बघायचं तर त्या फोडाव्या लागणार होत्या. खणणाऱ्या माणसाला आपली सगळ्यात सुंदर सापडलेली गोष्ट स्वतःच्या हाताने फोडणं म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "कुठे कापायचं ते तू दाखव."

मी सगळ्यात खालच्या पायरीचा कडेचा दगड दाखवला. आधीच तडा गेलेला. दोघांनी पहारीने तो उचलला. खाली गाळ होता. राखाडी, थरांथरांचा.

बाकीच्यांना बाजूला करून मिरियमबाई स्वतः करणी घेऊन पोटावर आडव्या झाल्या. गाळ तासून त्याचा पापुद्रान् पापुद्रा मोकळा केला. मी शेजारी. मग म्हणाल्या, "सांग. मला विद्यार्थिनीसारखं सांग."

मी मिठागराचं सांगितलं. पाणी आत आलं की आधी जड वाळू बसते, मग हलकी माती. जाड-मऊ, जाड-मऊ, अशी एक जोडी म्हणजे एक पूर. तिथे वर्षातून एखादाच पूर येतो. मी एकोणीस जोड्या मोजल्या. त्यांनी अठरा. एकीवरून आमचं तासभर भांडण झालं आणि शेवटी त्यांनी माझी एकोणिसावी मान्य केली. तळाशी गाळात खजुराच्या बिया निघाल्या, मूठभर. म्हणजे आधी इथे कुणाची तरी खजुराची बाग होती आणि ही त्यांची साधी पाण्याची टाकी.

त्या उठून बसल्या, कपडे झटकले. म्हणाल्या, "पाटील, माझी बारा वर्षं तू एकोणीस रेघांत मोजलीस." त्या रागावल्या नव्हत्या. पण त्यांचा तो हेडमास्तरणीचा आवाज त्यात नव्हता.

दुपारी जेवणाच्या तंबूत कुणी बोलत नव्हतं. एका मुलीने तर म्हटलं, "आज आपणच एसीन झालो." कुणी हसलं नाही. काकांनी वाढता वाढता मला विचारलं, "झालंय काय? मला नीट सांग, मराठीत." मी सांगितलं. पाणी आधीच्या माणसांचं होतं. पंथाची माणसं मागाहून आली आणि त्यांनी फक्त पायऱ्या बांधल्या.

काकांनी हातातला डाव खाली ठेवला.

"मग त्यात रडण्यासारखं काय आहे? आम्ही कोकणात आलो तेव्हा काय घेऊन आलो होतो? आमची जुनी माणसं सांगायची, जहाज फुटलं, पोथ्या बुडाल्या, मूठभर जीव किनाऱ्याला लागले. गाव दुसऱ्यांचं, विहीर दुसऱ्यांची, तेलाचा घाणा तोही तिथलाच. आम्ही काय केलं? शनिवारी घाणा बंद ठेवला. बस. तेवढ्यावरून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायला लागले, आणि तेवढ्यावर आम्ही टिकलो. सांग बाईंना. सांग, पायऱ्या बांधल्या हे थोडं नाही."

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. 'घाणा' सांगताना बरीच कसरत झाली, टेबलावर वाटी फिरवून दाखवली. मिरियमबाईंनी ऐकून घेतलं. मग वही काढली, काकांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा. सावकाश." काका सांगत होते, मी भाषांतर करत होतो, त्या लिहीत होत्या. आमटी गार झाली. मुलं एकेक करून जवळ सरकली.

गोष्ट इथे संपली असती तर छान वाटलं असतं. पण तसं झालं नाही. पंथाने ओसाड रानात पहिल्या दगडापासून उभारलेली वस्ती, या गोष्टीवर ज्या लोकांनी त्या उत्खननाला पैशाचा आधार दिला होता, त्यांना खजुराच्या बागेत रस नव्हता. हंगाम संपण्याआधीच, सभ्यपणे, छान कागदावर, त्यांनी कळवलं की पुढचा हंगाम नाही. बाईंच्या हाताखालची मुलं दुसऱ्या उत्खननांवर गेली. काकांचा हिवाळा गेला. त्यांना त्या पैशाची गरज नव्हती, त्या कॅम्पची होती. बायको गेल्यापासून घरी एकटेच असायचे. हे मला आजही टोचतं. रेघ तुटकच ठेवली असती तर कदाचित अजून पाच वर्षं आम्ही सगळे तिथे चहा पीत बसलो असतो. रेघ सलग केली याचा पश्चात्ताप मला नाही. पण पहिल्याच दिवशी सलग काढली असती, तर बाईंना ते, आनंदाच्या शिखरावर वर्षभर राहून, मग ऐकावं लागलं नसतं. ती माझी चूक. ती कुठल्याच अहवालात नाही, म्हणून इथे लिहिली.

उत्खनन बंद करताना खड्डे तसेच सोडत नाहीत. ऊन-पावसाने भिंती ढासळतात. म्हणून कापड अंथरून, वर वाळू टाकून सगळं पुन्हा पुरून टाकतात, पुढे कधी कुणाला वाटलं तर उघडेल. त्याच हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तेच करत होतो. सर्वात शेवटी टाकी. कापड अंथरण्याआधी मिरियमबाईंनी बूट काढले आणि सातही पायऱ्या अनवाणी उतरून गेल्या. तळाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. आणि कठड्याच्या दुसऱ्या बाजूने वर आल्या.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पुरताना तळाशी आजच्या काळातली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढे खणणाऱ्याला कळावं की इथवर आधीचे लोक येऊन गेलेत, याच्या वरची माती त्यांनी टाकलेली आहे. कुणी नाणं ठेवतं, कुणी बाटली. बाईंनी विचारलं, "काय ठेवायचं?"

काका म्हणाले, "थांबा." कोठारात गेले आणि एक स्टीलची वाटी घेऊन आले. काठाने चेपलेली, घासून घासून फिकी पडलेली. माझ्या हातात दिली. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं: 'सौ. रिबेका शिमशोन, चरई, ठाणे.'

"काकूंची?"

"लग्नातली. सहा होत्या. पाच तिच्याबरोबर कुठे कुठे गेल्या. ही उरली."

"काका, अहो ही कशाला? एखादी बाटली ठेवू."

"बाटली कुणाचीही असते," काका म्हणाले. "घे. तू ठेव, माझे गुडघे नाहीत उतरायचे."

बाईंनी मला वाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ती अक्षरं वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली, शिरोरेघेसकट, चुकत चुकत. मग मी वाटी घेऊन खाली गेलो. पायरीचा जो दगड आम्ही उचलला होता तो परत बसवला होता, त्याच्या शेजारी ती उपडी ठेवली. लेव्हल लावून तिची खोली घेतली, कागदावर खूण केली. वर आल्यावर मिरियमबाईंनी पहिलं फावडं वाळूचं टाकलं, दुसरं काकांनी.

कागदावर त्या खुणेपुढे काय लिहायचं असा प्रश्न पडला. खणताना सापडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे आम्ही ती कुणाची, कुठल्या काळातली असावी, असा अंदाज लिहितो. मी लिहिलं, 'स्टीलची वाटी, एक. रिबेकाबाईंची. अंदाज नाही, खात्री.'